चुगलीचं भोक

यल्लाप्पाअण्णाची आणि माझी ओळख झाली ती चोर आणि पोलीस या नात्यानं. चोर मी.

यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागं पत्र्याच्या शेडांची एक रांग आहे. तिथं मी पुठ्ठ्याचे खोके बनवायचं लहानसं युनिट टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शेडमधून एक बुटका, गोल माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला. बनियनवर बटणं न लावलेला खाकी शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मिशी अशी घनदाट की तिच्यात पाना पडला तर थेट दिवाळीच्या साफसफाईलाच सापडावा. नमस्कार नाही, नाव-गाव नाही.

"आमच्या ड्रममधलं पाणी चार बोटं खाली गेलंय," तो म्हणाला. "तुम्ही आल्यापासनं."

"अहो, माझ्याकडं नळ आहे."

"नळवालेच चोरतात. ज्याच्याकडं नळ न्हाई त्याच्यावर सगळ्यांची नजर असती की."

 तो गेला आणि दुपारपर्यंत ड्रममागं बारदान पांघरून बसला. शेवटी त्यानं चोर पकडले. कावळे होते. यशवंतपूरचे कावळे म्हणजे कोंबडीएवढे. एकेक जण तांब्याभर पाणी पिऊन वर चूळ भरून जात होता. आता अण्णा माफी मागायला येणार म्हणून मी चहा मागवून ठेवला. तो आला, चहा प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, "कावळे होते. बसतात मात्र तुमच्या छपरावर."

अशी आमची मैत्री जमली. मी जरा वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. तो आरोप पहिल्यांदा केला तोही अण्णानंच. "खोकेवाले," तो म्हणायचा, "तुमच्या बोलण्यात जेवढी वाफ हाय, तेवढी तापलेल्या रेडिएटरमध्ये नसती." तेव्हा पुढचं वाचताना तुम्हाला योग्य वाटेल तेवढी वाफ सोडून द्या. खाली जे पाणी उरेल ते खरं आहे.

अण्णा बेळगावकडचा. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि इंजिनाशी बोलायला त्याची स्वतःची एक तिसरी भाषा होती, ती इथं छापता येणार नाही. दुरुस्त करायचा फक्त टू-स्ट्रोक गाड्या. म्हणजे ज्यांत पेट्रोलसोबत तेलही जळतं, निळा धूर निघतो आणि आवाजानं पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी दूध चोरतात, त्या. एके काळी त्याच्याकडं जुन्या स्कूटरी यायच्या. त्या संपल्या आणि डर्ट बाइका यायला लागल्या: ना दिवा, ना नंबरप्लेट, उंटासारखी उंच सीट आणि काटेरी टायर. मारतहळ्ळीच्या काचेच्या इमारतींत आठवडाभर मान मोडून बसणारी मंडळी रविवारी देवनहळ्ळीच्या पलीकडं जायची. तिथं शेतांचे प्लॉट पाडलेले, लाल मातीचे रस्ते आखलेले, घरं मात्र अजून कुणी बांधलेली नाहीत. त्या ओसाड लेआउटमध्ये ही मंडळी हवेत उडायची, आणि उडून झालं की मोडलेली गाडी अण्णाच्या दारात आणून टाकायची.

अण्णाचं सगळं कसब संशयावर उभं होतं. इतर मेकॅनिक गाडी आली की इंजिन बघतात. अण्णा मालकाचे बूट बघायचा. एकदा एक गोरागोमटा इसम म्हणाला, "चालता चालता आपोआप बंद पडली, अण्णा." अण्णानं गाडीच्या साखळीतून एक वाळकं पान ओढून काढलं, हुंगलं, आणि विचारलं, "पेरूच्या बागेत कशाला घुसलासा? आणि कुत्रं चावलं ते कंच्या पायाला?" त्या माणसानं डाव्या पायाची पँट वर केली. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. निदान पँट तरी.

घरीही हेच. शांताक्का, म्हणजे त्याची बायको, रोज डबा पाठवायची. अण्णा डबा उघडून आधी झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेली वाफ बघायचा, मग भाजी हुंगायचा, मग फोन लावायचा. "आज फोडणी कुणी घातली?" पलीकडून शांताक्काचा आवाज माझ्या शेडपर्यंत यायचा. "शेजारणीनं! तिला इथंच ठेवून घेतलीय! जेवा आता!" अण्णा फोन ठेवून मला सांगायचा, "बघा, कबूल केली." आणि बोटं चाटून जेवायचा.

खोललेल्या इंजिनाचे नट-बोल्ट तो इडलीपात्राच्या ताटल्यांत ठेवायचा. प्रत्येक खळग्यात एक जोडी, वर दुसरी ताटली पालथी. कुणी त्या ताटल्यांजवळ शिंकलं तरी तो उठून झाकण उघडून बघायचा. आणि त्याचं एक लाडकं वाक्य होतं. रेडिएटरचं पाणी कमी झालं, तेल गळलं, हवा सुटली की म्हणायचा, "पाणी आपणहून पळत न्हाई. कुणीतरी वाट दावलेली असती."

अशा माणसाचा विश्वास फक्त एकाच गोष्टीवर होता. ती म्हणजे यल्लम्माचा भंडारा. डोंगरावरून आणलेली देवीची हळद तो एका जुन्या पावडरच्या डबीत ठेवायचा. इंजिन बांधून पुरं झालं की सगळ्यांना बाहेर काढायचा, डोळे मिटायचा, "उदो गं आई" म्हणायचा आणि अंगठ्यानं त्या भंडाऱ्याचा हरभऱ्याएवढा ठिपका प्लगशेजारी दाबायचा. कोरडी हळद तापल्या इंजिनावर टिकत नाही, म्हणून अण्णानं त्यावर स्वतःचा शोध लावला होता. गॅस्केट चिकटवायच्या शेलॅकमध्ये, म्हणजे लाखेच्या रोगणात, तो ती मळायचा. वाळला की तो ठिपका असा कडक व्हायचा की इंजिन भंगारात गेलं, वितळलं, त्याची पातेली झाली, तरी ठिपका तसाच राहील.

आता रेणुकाची गोष्ट. रेणुका त्याची एकुलती एक मुलगी. मारतहळ्ळीला एका कंपनीत नोकरी, संध्याकाळी बापाच्या घरी, आणि रविवारी डर्ट बाइकवर. बापाच्या शेडमध्ये वाढलेली, त्यामुळं तिला गाडीची भीती नव्हती. बापाची तर अजिबातच नव्हती. एका रविवारी सरावात एक दगड उडून तिच्या रेडिएटरला लागला. सगळं पाणी वाटेत सांडलं, इंजिन तापून पिस्टन आत चिकटला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि रेणुका काही थांबली नाही. ती किती लांब जाऊन पडली ते मी सांगत नाही, तुम्ही वाफ म्हणाल. गळ्याजवळचं हाड मोडलं. इस्पितळात हाडाचा फोटो दाखवला तर अण्णा डॉक्टरला म्हणाला, "हा हिचाच फोटो कशावरनं?" मग बाहेर येऊन बाकावर बसला आणि मिशीत तोंड लपवून रडला.

हाड जुळलं. रेणुका म्हणाली, पावसाळ्यानंतर देवनहळ्ळीकडच्या लाल मातीत शर्यत आहे, मी उतरणार. अण्णा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं इंजिन खोललं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, नव्या ओ-रिंगा, नवा रेडिएटर, सगळं त्यानं घातलं, आणि जाहीर केलं: "या गाडीतलं एक थेंब पाणी हलता कामा नये. हललं तर गाडी हलणार न्हाई."

हे बोलून त्यानं गाडीची किक काढली. डर्ट बाइकला किल्ली नसते, किक मारूनच चालू करतात. ती लोखंडी दांडी तो रोज संध्याकाळी काढून घरी न्यायचा आणि उशाखाली ठेवून झोपायचा.

याच सुमाराला निनाद उगवला. नागपूरचा, रेणुकाच्या कंपनीतला, लांब, सडपातळ आणि अतिशय गोड बोलणारा. यांतली एकही गोष्ट अण्णाला पसंत पडण्यासारखी नव्हती. तो सुट्टीच्या दिवशी येऊन इंजिनाचे भाग रॉकेलनं धुवायचा, दात घासायच्या ब्रशनं कोपरान् कोपरा घासायचा.

"काका, हे कव्हर पण धुऊन देऊ का? मी रिकामाच बसून राहिलो."

"कशाला?"

"म्हणजे... स्वच्छ होईल ना."

अण्णा माझ्याकडं वळून हळूच म्हणायचा, म्हणजे त्याच्या मते हळूच, "रिकामा माणूस दुसऱ्याच्या शेडमध्ये येऊन लोखंड घासतो. काय चोरायचंय ह्याला?"

काय चोरायचं होतं ते सगळ्या यशवंतपूरला ठाऊक होतं. रेणुका त्याच्याशी लग्न करणार होती. घरी ती तसं बोलली होती आणि अण्णानं उत्तर दिलं होतं, "आधी पाणी बघू. मग माणूस."

इंजिन बांधलं, पंपाचं नवं सील घातलं, हिरवं कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, भरलं, गाडी थोडा वेळ चालवली, थंड केली, रेडिएटरचं टोपण उघडलं. पाणी खाली गेलेलं.

पहिल्यांदा हवा निघाली असेल म्हणून पुन्हा भरलं. पुन्हा चालवली. पुन्हा खाली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. अण्णानं माझ्याकडून पांढरे पुठ्ठे मागून घेतले आणि इंजिनाखाली अंथरले. पुठ्ठे कोरडे. मग त्यानं पुठ्ठ्यांवर संशय घेतला. "तुमचा माल पाणी पीत असंल," म्हणाला. मी नवे दिले. तेही कोरडे.

आणि मग अण्णाचा तपास सुरू झाला. असा तपास मी पोलीस खात्यातही बघितलेला नाही, आणि माझा एक मेव्हणा पोलिसात आहे.

पहिला संशय हेडवर. हेडच्या रिंगांतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर ते जळतं, पांढरा गोडसर धूर येतो आणि पिस्टनचा माथा धुतल्यासारखा लख्ख होतो. अण्णानं सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेऊन धूर हुंगला. एका बाजूची मिशी निळी पडली. धूर नेहमीचाच. हेड काढलं, पिस्टनचा माथा काळा. हेड निर्दोष सुटलं.

मग त्यानं हेड पुन्हा बसवलं, रेडिएटरच्या तोंडाला सायकलचा पंप आणि हवेचा काटा जोडला, आत हवा भरली आणि सगळ्या इंजिनावर साबणाचं पाणी ओतलं. जिथं फट असेल तिथं फुगे यायला हवेत. काटा हळूहळू उतरत होता आणि फुगा एकही नव्हता. अण्णा काट्यासमोर स्टूल टाकून त्याच्याकडं असा बघत बसला, जसं मांजर बिळाकडं बघतं. हवा आत कुठंतरी जात होती. बाहेर येत नव्हती.

राहिला पाण्याचा पंप. तो इंजिनाच्या कडेला असतो. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गिअरचं तेल, आणि मध्ये दोन सीलं, पाठीला पाठ लावून. बनवणाऱ्यानं त्या दोघांच्या मध्ये खालून एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पाण्याचं सील गेलं की पाणी तेलात न जाता त्या भोकातून बाहेर ठिबकतं आणि मालकाला कळतं. अण्णा त्याला चुगलीचं भोक म्हणायचा. त्याच्या मते जगातल्या सगळ्या यंत्रांत एवढी एकच जागा प्रामाणिक होती.

ते भोक गाडीच्या अगदी पोटाखाली. वाकून बघायचं तर अण्णाचं स्वतःचं पोट आडवं यायचं. म्हणून तो सिगारेटचा पातळ कागद बोटाला गुंडाळून अंदाजानं खालून फिरवायचा आणि उजेडात धरून बघायचा. कागद कोरडा. पुन्हा फिरवला, कोरडा.

"चुगली न्हाई," तो म्हणाला. "पंप सरळ हाय."

गिअरच्या तेलाचं टोपण उघडलं तर तेल मापापेक्षा वरपर्यंत आलेलं. अण्णानं निनादकडं बघितलं.

"तेल तू भरलास न्हवं? हात जड हाय तुझा."

"काका, मी मापानंच घातलं होतं."

"सगळे मापानंच घालतात. सांडतं ते कुणाचं मग?"

निनाद गप्प बसला. गप्प बसणारा माणूस अण्णाला बोलणाऱ्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटायचा. त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं मला आपला निष्कर्ष ऐकवला. सगळं लोखंड निर्दोष आहे, तेव्हा गुन्हेगार माणूस आहे. "ह्योच पाणी काढतोय," तो म्हणाला. "पोरगीनं शर्यतीत उतरू नये म्हणून. भित्रा हाय. तोंडानं सांगायची हिंमत न्हाई, म्हणून पाणी काढतोय."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तो डाव फार आवडला. मीच रचायला हवा होता असं वाटलं.

आणि मग तो शनिवार. शर्यत उद्याचा सोडून पुढच्या रविवारी. रेणुका आणि निनाद दोघं शेडमध्ये होते. रेडिएटरमधलं पाणी पुन्हा खाली गेलेलं होतं. अण्णानं पान्यानं वर्कबेंचवर टकटक केलं आणि न्यायाधीशासारखं घसा खाकरला.

"निनाद, खरं सांग. सांगितलास तर मी रागवणार न्हाई. पाणी कुठं टाकालायस?"

निनादचं तोंड उघडंच राहिलं. "मी? काका, मी काहून पाणी काढीन?"

"अप्पा," रेणुका म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि त्या शांतपणानंच मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "पाणी तुम्हीच काढताय."

बाजूच्या रुळावरून जाणारी मालगाडीसुद्धा जरा थबकली.

"मी?" अण्णा म्हणाला.

"शेडची किल्ली तुमच्या कमरेला. किक तुमच्या उशाखाली. तुमच्याशिवाय या गाडीजवळ एकटं कोण असतं? तुम्ही या खोकेवाल्या काकांवर संशय घेतलात, त्यांच्या पुठ्ठ्यांवर घेतलात, ओ-रिंगा बनवणाऱ्यावर घेतलात, ह्याच्यावर घेतलात. तुमच्यावर कुणी घेतलाच नाही आजवर. मी घेतेय."

"रेणी..."

"मी पडले तेव्हा तुम्ही त्या बाकावर रडत होता. मी बघितलंय. तुम्हाला मी चालवायला नको असेन तर तोंडानं सांगा, अप्पा. भांडा माझ्याशी. पण हे असं पाणी कमी करून मला अडवू नका. उद्या मी टेम्पो आणते आणि गाडी दुसरीकडं नेते. शर्यत झाली की माझं सामानही मारतहळ्ळीला नेते. पहाऱ्यात राहायचं नाही मला."

हा माणूस जन्मभर पोलीस होता. आरोपीच्या जागी उभं कसं राहायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. त्यानं आपले दोन्ही हात वर करून बघितले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. मग खिशातून मिशी विंचरायचा छोटा आरसा काढला.

"स्वल्प थांब," तो म्हणाला. "टेम्पो उद्या आणणार न्हवं? आज माझी झडती घे."

त्यानं स्टुलावर बसकण मारली आणि स्वतःशीच बोलायला लागला. "तेल जास्ती होतं. पोरगं म्हणतंय मापानं घातलं. मापानंच घातलंय समजा. मग वरचं काय हाय?"

त्यानं गिअरच्या तेलाचा खालचा बोल्ट अगदी सावकाश ढिला केला. तेल जड नसतं, पाणी जड असतं. उभ्या गाडीत पाणीच तळाला बसतं. पहिल्यांदा जे बाहेर आलं ते तेल नव्हतं. हिरवं पाणी होतं. परातीत टपटप, मग धार. आणि त्यामागनं आलं ते दुधाच्या चहासारखं, तेलपाण्याचं गढूळ मिश्रण. सगळे त्या परातीकडं बघत राहिले. हरवलेलं पाणी सापडलं होतं. ते कुठंच गेलं नव्हतं, घरातल्या घरात बसलं होतं.

"म्हणजे पंप," रेणुका पुटपुटली.

"पंपच. पण मग चुगली का न्हाई केली?"

त्यानं आरसा माझ्या पुठ्ठ्यावर ठेवून इंजिनाखाली सरकवला आणि मान वाकडी केली. आरशात आधी त्याचीच मिशी आली. त्यानं आरसा तिरपा केला. पंपाचं पोट दिसलं. आणि पोटाला, बरोबर त्या भोकाच्या जागी, एक पिवळाधमक, टणक, हरभऱ्याएवढा ठिपका.

अण्णा कितीतरी वेळ आरशातून नजर काढेना. मला आधी उलगडा झाला नाही. झाला तेव्हा मी पहिल्यांदाच आयुष्यात काही वाढवून बोललो नाही. रेणुका इस्पितळात असताना ही गाडी मोडक्या अवस्थेत शेडमध्ये पडून होती. त्या दिवसांत कधीतरी अण्णानं नेहमीची जागा सोडून, कुणाची दृष्ट पोचणार नाही अशा जागी, गाडीच्या पोटाखाली हात घालून, डोळे मिटून भंडारा लावला होता. अंगठ्याला एक खळगा लागला. देवीनंच जागा दाखवली असं समजून त्यानं तिथं तो जोर लावून दाबला, आणि बाहेरची वाट बंद झालेलं पाणी दुसऱ्या सीलातून तेलात शिरत राहिलं.

"निनाद," तो म्हणाला. "हे पिवळं तुला दिसलं न्हाई धुताना?"

"दिसलं ना, काका."

"मग?"

"देवीचं आहे ना ते. मी कसं काढणार? बाजूनं ब्रश मारला." तो अडखळला. "मला वाटलं, काढलं तर तुम्ही मला शेडमध्ये येऊ देणार नाही."

अण्णानं बनियनला टोचलेली टाचणी काढली. हात इंजिनाखाली घातला, आरशात बघत बघत तो ठिपका टोकरला. पिवळे कपचे पुठ्ठ्यावर पडले. ते त्यानं एकेक करून उचलले, कपाळाला लावले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. शेवटचा कपचा निघाला, आणि त्या भोकाच्या ओठावर हिरवा थेंब आला. फुगला. माझ्या पुठ्ठ्यावर पडला.

"रड गं बाई," अण्णा म्हणाला. "कवापासनं तोंड दाबून धरलंय तुझं."

मग तो रेणुकाकडं वळला. "हां. मीच."

 रेणुका त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. आणि टेम्पोचा विषय, माझ्या लक्षात आलं, पुन्हा निघाला नाही.

पंप खोलला तर त्याच्या शाफ्टवर, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यावर, नखाला अडकेल अशी घळ पडलेली. घळ पडलेल्या शाफ्टवर कितीही नवं सील घाला, पाणी जाणारच. "हाही मीच ठेवलावता," अण्णा म्हणाला. "नवा शाफ्ट नकली असंल म्हणून." कबुलीजबाब एकदा सुरू झाला की थांबत नाही असं माझा मेव्हणा सांगतो.

नवा शाफ्ट आला. अण्णानं तो चावून बघितला नाही एवढंच. मग पाना निनादच्या हातात दिला.

"तू बसव."

"मी, काका?"

"तू बसव, मी बघतो. आणि मी जे बसवीन ते तू बघ. टाचणी घेऊन बघ."

पुन्हा हवा भरली. काटा चढला आणि जिथं थांबला तिथंच थांबला. अण्णानं टिचकी मारली. काटा हलला नाही. "अडकला असंल," म्हणून त्यानं काटा सोडवून तोंडात धरून फुंकला, पुन्हा जोडला. तरी थांबलेलाच. संध्याकाळ होईपर्यंत तो त्या काट्यासमोर बसून राहिला, आणि काट्यानं त्याला संशयाला तिळभर जागा दिली नाही. उठताना मला म्हणाला, "एवढं सरळ कसं काय, खोकेवाले?"

त्या शर्यतीनंतर थोड्याच दिवसांत मी युनिट आवरून सांगलीला परत आलो. म्हणून अण्णा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहतो तो शर्यतीच्या सकाळचाच.

देवनहळ्ळीच्या पलीकडं, लाल मातीत, दोरी बांधून केलेली सुरुवातीची रेघ. पाचपन्नास गाड्या गुरगुरतायत. रेणुका हेल्मेट घालून उंच सीटवर. निनादच्या कपाळाच्या बरोबर मधोमध भंडाऱ्याचा हा एवढा ठिपका, शेलॅकसकट. पुढचे सहा महिने निघायचा नाही असा. "तिथं लावलाय," अण्णानं मला सांगितलं. "तिथं भोक न्हाई. बघून घेतलंय मी."

त्यानं कमरेची किक काढली, गाडीला बसवली, बोल्ट आवळला. मग बाजूला झाला, आणि दोन्ही हात मुलीसमोर धरले. शाळेत नखं दाखवायला धरतात तसे, आधी पालथे, मग उताणे.

"बघ."

भोवतालच्या गाड्यांचा कल्लोळ, पंच शिट्टी फुंकतोय, आणि ही पोरगी सावकाश, एकेक बोट धरून बापाचे हात तपासतेय. अंगठ्याच्या पेरात थोडं पिवळं राहिलं होतं. ते तिनं आपल्या हातमोज्यानं पुसून काढलं.

"सरी, अप्पा, ठीक आहे," ती म्हणाली आणि किक मारली.

निळा धूर झाला, लाल धूळ झाली, आणि त्या धुळीत अण्णा हात तसेच पुढं धरून उभा होता. शर्यतीचं काय झालं ते मी सांगितलं तर तुम्ही वाफ म्हणाल. ती आपल्या पायांनी चालत परत आली, एवढं पुरे. मी बघत होतो अण्णाकडं. गाडी जिथं उभी होती तिथं खाली अंथरलेला माझा पांढरा पुठ्ठा त्यानं वाकून, पोट सांभाळत, उचलला. उन्हाकडं धरला. उलटा केला. हुंगला. खडखडीत कोरडा.

तो माझ्याकडं वळला. डोळे बारीक झाले.

"खोकेवाले," तो म्हणाला, "पुठ्ठा तुम्ही बदलला न्हाई न्हवं?"

मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. पण लांब वळणावरून रेणुकाच्या इंजिनाचा आवाज आला, तेव्हा तो पुठ्ठा छातीशी धरून डोळे मिटून ऐकत राहिला.